विठूने आणलेली पावती

आदरणीय ताई,

मी चौतीस वर्षांची सीए आहे. चाकण पट्ट्यातल्या एका खासगी कंपनीत टॅक्सचं काम बघते. यंत्रांचे सुटे भाग बनतात, उलाढाल तीनशे कोटींच्या आसपास. मालकांना आम्ही सगळे साहेब म्हणतो. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या मूळ गावी त्यांनी स्वतःच्या खिशातून डायलिसिस केंद्र उभं केलंय, दरवर्षी दीड कोटी त्यात घालतात. माझं बारावीनंतरचं सगळं शिक्षण त्यांच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर झालं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीचा ब्रँड वीस लाखांना दुबईच्या एका कंपनीला विकला. ती कंपनी साहेबांच्या थोरल्या मुलाच्या नावावर आहे, तो तिथेच राहतो. आता त्याच ब्रँडची रॉयल्टी म्हणून वर्षाला साधारण दहा कोटी दुबईला जातात. सीएफओ सर, म्हणजे आमचे वित्तप्रमुख, म्हणतात, सगळं कायद्यात बसतं, गार म्हणजे कर टाळण्याविरुद्धचा सर्वसाधारण नियम, तोसुद्धा लागत नाही. आता मला दुबईच्या कंपनीच्या मागच्या चार बोर्ड मीटिंगा तिथेच झाल्या अशी मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, लिहायला सांगितलीत. त्यातल्या तीन आमच्या पुण्याच्या कॉन्फरन्स रूममध्ये झाल्या, चहा मीच सांगितला होता. मी कुरकुर केली तर सर म्हणाले, ‘आपण वाचवतो म्हणून साहेब देतात. सरकारला दिले असते तर खड्ड्यात गेले असते.’

साहेब ढोंगी आहेत का? की मीच कृतघ्न?

(नाव छापू नये.)

---

बाळ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कॅल्क्युलेटर घेऊन बसले, कारण पस्तीस वर्षं सांगलीत प्रॅक्टिस केलेल्या बाईला भावना आधी आकड्यांत दिसतात. तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करते. ढोंगी आणि कृतघ्न हे शब्द थोडा वेळ बाजूला ठेव.

तुझी कंपनी 22 टक्क्यांच्या सवलतीच्या दराने कर भरते असं धरते. अधिभार आणि सेस धरून तो 25.168 टक्के होतो. दहा कोटी रॉयल्टी खर्चात टाकली की इथला कर 2 कोटी 51 लाखांनी कमी होतो. दुबईला पैसे पाठवताना दोन देशांमधल्या कर-करारातल्या दराने 10 टक्के टीडीएस कापला, म्हणजे एक कोटी सरकारकडे आला. दुबईतही जून 2023 पासून 9 टक्के कंपनी कर आहे. फ्री झोनमधल्या शून्य दराचा फायदा ट्रेडमार्कच्या उत्पन्नाला मिळत नाही, तो पेटंट आणि सॉफ्टवेअरला आहे. पण इथे कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट तिथे मिळतं, त्यामुळे वेगळं काही भरावं लागत नसणार. उरलं काय? वर्षाला 1 कोटी 51 लाखांची बचत.

आणि डायलिसिस केंद्राला वर्षाला दीड कोटी.

मी चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली. हा योगायोग असेल, साहेबांनी मुद्दाम मेळ घातला असेल असं मला अजिबात वाटत नाही. पण आपल्याकडे एक म्हण आहे, आयजीच्या जिवावर बायजी उदार. इथे आयजी कोण हे शोधायला हवं, कारण ती एकटी नाही.

पहिली आयजी म्हणजे सरकारी तिजोरी, ती तर झालीच. दुसरी तुझ्या लक्षात आलीये की नाही कोण जाणे. खासगी कंपन्यांत बहुतेक वेळा असतं तसं तुमच्याकडेही साहेबांचे चुलतभाऊ, दोनचार जुने कर्मचारी यांच्याकडे थोडे शेअर असतील. समजा मिळून अठरा टक्के आहेत. रॉयल्टी गेली नसती तर दहा कोटींवर कर भरून 7 कोटी 48 लाख कंपनीत उरले असते. त्यातले 1 कोटी 35 लाख या मंडळींचे. ते आता मुलाच्या दुबईच्या खात्यात आहेत. म्हणजे तिजोरीचं जेवढं नुकसान, जवळजवळ तेवढंच त्यांचं. मशीनवर हात काळे केलेला एखादा जुना फोरमन आपल्या शेअरचा लाभांश का वाढत नाही म्हणून विचार करत बसला असेल. त्याचा दानपत्रात कुठेही उल्लेख नाही. रजिस्टर काढून बघ, खरा आकडा तुझ्याकडेच आहे.

तिसरी आयजी सगळ्यात गमतीची. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावे लागतात. नफ्यातून दहा कोटी बाहेर गेले की ती सरासरी हळूहळू खाली येते, आणि तीन वर्षांनी सीएसआरचे वीस लाख दरसाल कमी होतात. साहेब डाव्या हाताने डायलिसिस केंद्राला देतात आणि उजव्या हाताने चाकणच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या स्वच्छतागृहाचे पैसे काढून घेतात, आणि हा उजवा हात त्यांना स्वतःलासुद्धा दिसत नसेल. सीएफओंना दिसतो का, ते तू विचार.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं यालाच म्हणतात. साहेब जर जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असतील तर त्यांच्या दानावर 80 जीची निम्मी वजावट असेल, तेव्हा आणखी तीसेक लाख तिजोरीचेच. नव्या पद्धतीत ती वजावटच नाही, त्यामुळे हा मुद्दा सोडून दे.

आता सीएफओंचं म्हणणं. ‘सगळं कायद्यात बसतं’ हे वाक्य आमच्या धंद्यात रोज ऐकू येतं आणि बरेचदा ते खरंही असतं. गारबाबत ते बरोबर आहेत. वर्षाचा करलाभ तीन कोटींच्या आत असेल तर गार लागत नाही. परदेशी कंपनी खरोखर कुठून चालवली जाते, या कसोटीतही पन्नास कोटींच्या आतली उलाढाल सुटते. इथपर्यंत त्यांनी गृहपाठ केलाय, शाबास म्हणायला हरकत नाही. पण ट्रान्सफर प्रायसिंगला, म्हणजे एकाच घरच्या कंपन्यांमधले व्यवहार बाजारभावाने तपासणाऱ्या नियमांना, असला उंबरठा नाही. ब्रँड वीस लाखांना विकला आणि दुसऱ्याच वर्षी त्याचं भाडं दहा कोटी, हा हिशेब असेसमेंटच्या टेबलवर दोन मिनिटंही उभा राहणार नाही. ब्रँड बांधला कोणी, जाहिरातीचा खर्च कोणी केला, गुणवत्ता कोण बघतं? चाकणची माणसं. दुबईत काय आहे? एक टेबल, एक लायसन्स आणि मुलगा. दोन्हीकडच्या हातात एकाच घराचे लोक असल्यामुळे या कंपन्या एकमेकींच्या सहयोगी ठरतातच, तिथे पळवाट नाही. दरवर्षी थ्री सीईबीवर, म्हणजे या व्यवहारांच्या अहवालावर, सही करणाऱ्या बाहेरच्या सीएचं काय होईल तेही विचारात घे.

(कलमांचे आकडे मी जुन्या कायद्यातले सांगते आहे. 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून आलाय, पण माझी जीभ अजून वळत नाही.)

म्हणूनच तर त्यांना मिनिट्स हवीत. मीटिंगा दुबईत झाल्या, ब्रँडचे निर्णय तिथे घेतले असं कागदावर दिसलं तर त्या दहा कोटींना जरा अंग येतं. आणि तुझ्यासाठी खरी रेघ इथेच आहे. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या 50 टक्के. वस्तुस्थिती चुकीची मांडली असं ठरलं तर 200 टक्के. तू लिहिलेल्या चार पानांमुळे दंड चौपट होतो, आणि त्या पानांखाली तुझी अक्षरं असतात. खोट्या निवेदनावर खटला होतो तो वेगळा. मी तुला घाबरवण्यासाठी सांगत नाही. ज्या माणसाचे उपकार आहेत असं तुला वाटतं, त्याच्याच गळ्याभोवती ही पानं जातील, हे तुला दिसावं म्हणून सांगते.

आता तो ढोंगी शब्द.

या विषयात मला सगळ्यात जास्त छळतो तो चक फीनी. न्यू जर्सीतला साध्या आयरिश घरातला माणूस. 1960 मध्ये त्याने भागीदाराबरोबर ‘ड्यूटी फ्री शॉपर्स’ काढली. म्हणजे धंदाच मुळी कर नसलेल्या दारू आणि अत्तराचा, ही गंमत मला कायम वाटत आली आहे. अमेरिकेचा कर लागू नये म्हणून त्याने मालमत्ता फ्रेंच बायकोच्या नावावर ठेवल्या होत्या. कर टाळण्याबद्दल त्याच्या मनात कसलाही संकोच नव्हता. आणि याच माणसाने 1982 मध्ये बर्म्युडात धर्मादाय संस्था काढली, 1984 मध्ये धंद्यातला आपला सगळा 38.75 टक्के वाटा गुपचूप तिला देऊन टाकला. संस्था बर्म्युडात असल्यामुळे अमेरिकेत दानाची वजावट त्याला मिळत नव्हती, तरी त्याने बर्म्युडाच निवडलं, कारण तिथे नाव जाहीर करावं लागत नव्हतं. कुठल्याही इमारतीवर नाव नाही. धंदा विकताना 1997 मध्ये गोष्ट फुटली, नाहीतर कळलंही नसतं. आयुष्यभरात आठ अब्ज डॉलर वाटले, 2020 मध्ये पैसे संपले म्हणून संस्था बंद केली. तो स्वतः भाड्याच्या घरात राहिला, हातात प्लास्टिकचं घड्याळ. 2023 मध्ये गेला.

याला ढोंगी म्हणशील? मला नाही म्हणता येत. त्याचं दान शंभर नंबरी होतं आणि त्याचं कर टाळणंही तितकंच मनापासून होतं. एका माणसाच्या आत दोन्ही शेजारी शेजारी नांदत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. पण एक गोष्ट बघ. आयर्लंडच्या विद्यापीठांत संशोधनाची सोय करायची होती, तेव्हा फीनीच्या संस्थेने तिथल्या सरकारला सांगितलं, तुम्ही घाला, आम्हीही घालतो. म्हणजे शेवटी त्यालाही दुसऱ्या कोणीतरी प्रामाणिकपणे भरलेला कर लागलाच.

उलटी बाजूही आहे. सॅन फ्रान्सिस्कोत 2018 मध्ये बेघरांसाठी मोठ्या कंपन्यांवर जादा कर बसवायचा प्रस्ताव आला. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीचा सहसंस्थापक मार्क बेनिऑफ त्याच्या बाजूने उभा राहिला, प्रचाराला पैसे ओतले, ट्विटरच्या जॅक डॉर्सीशी जाहीर वाद घातला. प्रस्ताव मंजूर झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही मनातल्या मनात वाजवल्या. मग 2020 चे आकडे आले. सेल्सफोर्सने अमेरिकेत 2.6 अब्ज डॉलर नफा दाखवला आणि केंद्रीय उत्पन्नकर भरला शून्य. कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरची वजावट वगैरे, सगळं कायद्यात. आपल्या गावासाठी कर वाढवा म्हणून रस्त्यावर उतरलेल्या माणसाच्या कंपनीत, वॉशिंग्टनला जाणारा कर वाचवणारी मंडळी दुसऱ्या मजल्यावर शांतपणे कामाला लागलेली होती. त्या मंडळींत तुझ्यासारखी कोणीतरी असेलच.

अभ्यासकांनीही हे मोजलंय. डायरेंग, हॅनलॉन आणि मेड्यू या तिघांनी कंपन्या बदलणाऱ्या 908 वरिष्ठ अधिकाऱ्यांचा माग काढला आणि 2010 मध्ये दाखवलं की कर टाळण्याची सवय माणसाबरोबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाते. सगळ्यात आक्रमक पाव हिस्सा आणि सगळ्यात नेमस्त पाव हिस्सा यांच्यात कराच्या दरात सुमारे अकरा टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे ‘कंपनी करते, साहेबांना काय माहीत’ हे म्हणायची सोय नाही. आणि 2016 मधल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात असं निघालं की सामाजिक जबाबदारीचं काम जास्त करणाऱ्या कंपन्या सरासरीने कर कमी भरतात, आणि करासंदर्भात सरकारदरबारी वजन वापरण्यावर खर्च मात्र जास्त करतात. दान मोठं म्हणजे करही नीट, असं गृहीत धरायला आधार नाही. उलटंही गृहीत धरू नकोस. दोन वेगळ्या वह्या आहेत, प्रत्येकीची तपासणी वेगळी. तुझी गल्लत इथे होते आहे. डायलिसिस केंद्राकडे बघून तू रॉयल्टीचा निकाल लावायला बघतेस, कधी या बाजूने, कधी त्या.

माझीही झाली होती. 1990 च्या दशकात हळदीचे एक मोठे व्यापारी माझ्याकडे होते. धर्मशाळा बांधली, अँब्युलन्स दिली, तिच्यावर वडिलांचं नाव हाताएवढ्या अक्षरात. त्याच वर्षी मला खरेदीची बोगस बिलं सापडली. मी विचारलं तर म्हणाले, ‘ताई, सरकारला दिलं तर कोण विचारतं? अँब्युलन्सवर नाव तरी दिसतं.’ मी त्यांची फाइल सोडली. पण लगेच नाही, दोन वर्षांनी. माझ्या सासऱ्यांना त्याच अँब्युलन्समधून मिरजेला नेलं होतं, आणि त्या दोन वर्षांत प्रत्येक वेळी सही करताना मला ते आठवायचं. म्हणून तुझ्या कृतघ्न या शब्दाला मी हसणार नाही.

पण त्या शब्दाचा हिशेब करू. तू साहेबांचं मीठ खाल्लंस. आणखी कोणाकोणाचं खाल्लंस? पहिली ते दहावी तू कुठल्या शाळेत होतीस हे पत्रात नाही, पण शिष्यवृत्तीला पात्र ठरलीस म्हणजे इंटरनॅशनल स्कूलमध्ये नसणार. साहेबांच्या ट्रस्टचं उत्पन्न करमुक्त आहे. याचा अर्थ, तुझ्या फीमधला काही भाग अशा लोकांनी भरला ज्यांनी तुला कधी बघितलंही नाही. यात साखरेच्या पुड्यावर जीएसटी भरणारा चहावालाही आला. त्यांच्याबद्दल कृतज्ञ राहायला सांगणारा कार्यक्रम कुठे होत नाही, हार-तुरे नाहीत, म्हणून ते उपकार वाटत नाहीत.

खड्ड्यांचंही बोलू, कारण ते वाक्य सगळ्यात जास्त चालतं. मलाही सांगलीहून कोल्हापूरला जाताना कंबर धरावी लागते. पण साहेबांच्या डायलिसिस केंद्राला पेशंटमागे पैसे कुठून येतात ते एकदा विचार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे. केंद्र त्या योजनेत असेल तर निम्माअधिक खर्च तिजोरीच उचलत असेल. तिथला तंत्रज्ञ कुठल्या कॉलेजात शिकला, वीज कुठून येते, पेशंट कुठल्या रस्त्याने येतो, हे विचारत गेलीस की खड्ड्यात गेलेल्या पैशांपैकी बरेच केंद्राच्या दारातच सापडतील. आणि किडनीच्या पेशंटला केंद्र मिळालं ते साहेबांचं गाव तिथे आहे म्हणून. शेजारच्या तालुक्यातल्या पेशंटने काय चूक केली? करातून झालेल्या कामाबद्दल तो आमदाराला निदान शिव्या तरी घालू शकतो. साहेबांना घालता येत नाहीत, ते देवमाणूस आहेत.

जे.आर.डी. टाटांची एक आठवण त्यांचे कर-सल्लागार दिनेश व्यास यांनी सांगितली आहे. कर वाचवायची एक युक्ती घेऊन एक अधिकारी आला होता. व्यास म्हणाले, यात बेकायदा काही नाही. जे.आर.डीं.नी हळूच विचारलं, बेकायदा नाही हे खरं, पण योग्य आहे का? ही गोष्ट आता इतक्या भाषणांत ऐकवतात की तिचं नाणं गुळगुळीत झालंय. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. टाटा सन्सचे 66 टक्के शेअर ट्रस्टांकडे आहेत. तिथे वाचलेल्या कराचा मोठा भाग खरोखरच दानात जाऊ शकतो, तुमच्या सीएफओंचा युक्तिवाद तिथे सगळ्यात जास्त लागू पडतो. आणि नेमक्या तिथेच मालकाने तो वापरला नाही.

आपल्याकडे ही गोष्ट त्याहून जुनी आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं गोरगरिबांना खुली केली. दुसऱ्याच्या मालावरचं दानच म्हण, पण भुकेल्यांसाठी. बादशहाने पकडून बिदरला आणायला सांगितलं. तेव्हा विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला. लहानपणी कीर्तनात ऐकताना मला वाटायचं, देव आहे तर बादशहाचं मन बदलेल, किंवा जमीन हलवेल. तसलं काही त्याने केलं नाही. खजिन्यात धान्याची पूर्ण रक्कम मोजून भरली आणि पावती घेतली. दामाजींच्या पुण्याईपुढे तिजोरीचं देणं माफ, असं आपल्या संतांनाही वाटलं नाही. पैसे भरलेच पाहिजेत आणि पावती मिळालीच पाहिजे. मी सीए झाले त्याला ही गोष्ट थोडीफार कारणीभूत असावी.

तेव्हा साहेबांना ढोंगी ठरवायचं काम तुझं नाही, माझंही नाही. फीनीसारखे असतील, त्यांच्या वह्या एकमेकींशी बोलत नसतील. तू त्या बोलायला लावू शकतेस, कारण या क्षणी दोन्ही वह्या बघितलेली बहुधा तू एकटीच आहेस.

काय कर ते सांगते. मिनिट्स लिहू नकोस. नकार तोंडी देऊ नकोस, सीएफओंना ई-मेल कर. दोनच ओळी: यातल्या तीन मीटिंगा ज्या तारखांना पुण्यात झाल्या त्या तारखांना मी हजर होते, त्यामुळे दुबईतल्या मीटिंगांची नोंद मी करू शकत नाही. रागाचा शब्द नको, कलमं नकोत, प्रवचन तर नकोच. ई-मेलची प्रत स्वतःकडे ठेव.

मग साहेबांची वेळ माग. तू त्यांच्या ट्रस्टची मुलगी आहेस, ते देतील. बरोबर एक पान ने. त्यावर चार आकडे: वर्षाचा वाचलेला कर, बाकीच्या भागधारकांचा गेलेला वाटा, सीएसआरचे वीस लाख, आणि स्क्रूटिनीत सापडल्यास कर, व्याज आणि दुप्पट दंड मिळून निघणारी रक्कम. वीस लाखांना विकलेल्या ब्रँडची खरी किंमत मूल्यांकन करणाऱ्याकडून काढून घ्या म्हण. ब्रँड परत आणता येतो. चुकलेल्या वर्षांची सुधारित विवरणपत्रं मुदतीत भरता येतात, जादा कर आणि व्याज भरून अपडेटेड रिटर्नचाही मार्ग आहे. त्यांना बाहेर पडायचा रस्ता दाखव. माणसं बहुतेक वेळा चुकीच्या जागी अडकतात ती परतीचा रस्ता माहीत नसतो म्हणून. डायलिसिस केंद्राचा विषय तू काढू नकोस. त्यांनी काढला तर म्हण, ते चालूच ठेवा, लाभांशातून.

ते ऐकतील का? सांगता येत नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या माणसाला शिष्यवृत्तीच्या मुलीने हिशेब दाखवलेला आवडतोच असं नाही. काहींना फार आवडतो. एखादा म्हणेल, याचसाठी तुला शिकवलं होतं. दुसरा म्हणेल, उद्यापासून येऊ नकोस. दुसऱ्या शक्यतेची तयारी ठेव: सहा महिन्यांचा पगार बाजूला आहे का ते बघ, नसेल तर या भेटीआधी बायोडाटा बाहेर पाठव. सीए म्हणून सदस्यत्वाचा नंबर तुझा आहे, तो त्यांच्या ट्रस्टने दिलेला नाही.

सहीही तुझीच आहे. थ्री सीईबीची मुदत 31 ऑक्टोबर, म्हणजे हाताशी फार वेळ नाही. ते पान तयार झालं की मला सदराच्या पत्त्यावर पाठव, कंपनीचं नाव खोडून. आकडे मी तपासून देते. रॉयल्टीचा करार आणि ब्रँड विक्रीचा कागद, दोन्हींच्या तारखा आधी बघ. दोनदा बघ. मला शंका आहे की करार आधीचा निघेल.

तुझी,
ताई